कोलशेतचे दोन महिपत

डोंबिवली,
१७ नोव्हेंबर १९९६

ती. महिपतदादास,

रतनचा नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. शेवंतीवहिनी आणि पोरं मजेत असतील. भाऊबीजेला यंदाही आकाशातल्या चंद्रालाच ओवाळलं. तो ओवाळणी घालत नाही, पण निदान तोंड तरी फिरवत नाही.

पत्र फाडू नकोस, आधी वाच. मी परजातीत लग्न केलं म्हणून तू बोलत नाहीस, ते भांडण उकरायला लिहीत नाहीये.

मी ठाण्याच्या एका लॅबमध्ये कॉम्प्युटरवर काम करते. तिथे प्रत्येक पेशंटच्या रिपोर्टची एक फाईल असते. फाईलचं नाव असं: आधी माणसाचं नाव, टिंब, मग बापाचं, टिंब, मग गाव. ज्याला पुन्हा बोलवायचं त्याला पोस्टाने कार्ड जातं. गाव खाली पत्त्यात वेगळं छापतात, म्हणून कार्डावर नाव छापायला फाईलच्या नावातून गाव तेवढं छाटायचं, ते काम एक छोटा प्रोग्राम करतो. त्यात टक्क्याचं चिन्ह असतं. ते एकदा लिहिलं तर शेवटच्या टिंबापासून पुढचं जातं. दोनदा लिहिलं तर पहिल्याच टिंबापासून सगळं साफ. आमच्याकडे दोनदा लिहिलेलं. गावाबरोबर बापूसही उडाला!

मग कोलशेतला नुसतं ‘महिपत’ नावाचं कार्ड गेलं. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला, त्यामुळे महिपतांना काय तोटा? पोस्टमनने ते नाथाकाकाच्या महिपतला दिलं. तो बिचारा घाबरून धावत आला. पुन्हा थुंकी तपासली, काही नाही, गडी ठणठणीत. लॅबमधले सगळे हसले. मला हसू येईना. कोलशेतचा दुसरा महिपत कोण, ते मला ठाऊक होतं.

मी एक टक्का काढून टाकला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर आलं, महिपत टिंब दामाजी. आपल्या बापूसचं नाव मी तीनदा वाचलं.

दादा, तुला क्षय आहे. लिहिलं एकदाचं. मघापासून टक्के आणि टिंबं सांगत बसले, ती हे लिहवत नव्हतं म्हणून.

नवं कार्ड मीच अडवून ठेवलंय. कार्ड उघडं असतं. पोस्टमनने वाचलं की गावाने वाचलं, मग वहिनीच्या पाटीतली मासळी कोण घेणार? याच भीतीने तू गुपचूप येऊन तपासून गेलास ना? म्हणून हे बंद पाकीट.

सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. पण जरा बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. बापूसने सोडलेल्या. ‘खोकलाच तर आहे’ म्हणत होडीवर गेला, आणि पुढचं आपण दोघांनी पाहिलंय. मला तुझा भयंकर राग आलाय रे. वहिनीला तरी सांगायचंस! पोरांनाही तपासून घ्यायला हवं.

बुधवारी सकाळी मी कोलशेतला येते. तुझा शब्द मोडून उंबऱ्याच्या आत येणार नाही. बाहेर उभी राहीन, तू चप्पल घाल आणि दवाखान्यात चल. वाटेत एक अक्षर बोलू नकोस. नंतरही नको. जन्मभर अबोला धर, मी सोसेन. फक्त तो धरायला जिवंत राहा.

तू म्हण किंवा नको म्हणूस,
तुझीच धाकटी बहीण
रतन