रायमोचं जाकीट

१२ नोव्हेंबर १९६२
पोचलो एकदाचे! डेट्रॉइटचा धूर मागे राहिला. बायकोचं, हेल्मीचं इथलं उत्तरेतलं घर छोटं, पण ऊबदार आहे. लग्नाला दोन महिने झाले आणि मी इथे आज पहिल्यांदा आलो. दारात म्हातारा अर्वो हजर. हा तिच्या पहिल्या नवऱ्याचा बाप, पण ती त्याला बापच मानते. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "या शहरी बुटांत हरीण नाही मिळणार साहेब, न्यूमोनिया मिळेल." खूप हसलो. गुरुवारी शिकारीचा हंगाम उघडतोय, त्याच्या केबिनवर मलाही नेणार आहे.

१३ नोव्हेंबर
दिवसभर सामानाची बांधाबांध. अर्वोची शिकवणी अशी: आत पातळ लोकर, सुती काही नाही, घामाने ओलं झालं की तेच मारतं. पातळ मोज्यांवर जाड मोजे, पण बूट सैल हवा. जाड जाकीट पाठीला बांधून चालायचं आणि जागेवर बसल्यावर चढवायचं. कपडे देवदाराच्या पाल्यासोबत पिशवीत बंद ठेवायचे, स्वयंपाकघराचा वास लागला तर हरीण फिरकत नाही. हेल्मीने माझ्यासाठी नवं जाकीट आणलंय.
दारामागे लाल-काळ्या चौकड्यांचं एक जुनं जाकीट होतं. सहज हात लावला तर ती म्हणाली, "ते राहू दे." एवढंच म्हणाली. पण मग स्वतः ते खाली काढून किती वेळ ब्रशने साफ करत बसली. माझ्या कपड्यांना तिने असा हात कधी लावला नाही.

१४ नोव्हेंबर
गावात मला कोणी नावाने ओळखत नाही. मी 'रायमोच्या बायकोचा नवरा'. रायमो असा नेमबाज, रायमो असा नाचायचा.
अर्वोला विचारलं, कसा गेला? म्हणाला, दोन वर्षांपूर्वी केबिनमागच्या टेकडीवर गारठून. सापडला तेव्हा अंगावर फक्त आतले कपडे, जाकीट ओंडक्यावर नीट ठेवलेलं. गारठलेल्या माणसाला शेवटी उकडायला लागतं म्हणे.
हेल्मी अंघोळीला गेली तेव्हा नवं जाकीट फळीवर ठेवलं आणि दारामागचं रायमोचं पिशवीत कोंबलं. बायको माझी आहे. जाकीटही माझंच.

१५ नोव्हेंबर
केबिनवर पोचल्यावर ते चढवलं. जाकीट मला अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. अर्वोच्या हातून कॉफी सांडली. मग नजर चुकवून तो मला 'रायमो' म्हणाला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर
टेकडीवर सकाळभर बसलो. हरीण नाही. मी लावलेली बटणं दोनदा उघडी सापडली.
खाली झाडांत पांढरं काही उभं होतं. हरीण वाटलं म्हणून बंदूक रोखली. माणूस होता. आतल्या कपड्यांत. बंदुकीकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो जाकिटाकडे बघत होता.
उतरून पाहिलं. बर्फात अनवाणी पावलं उमटली होती.

१७ नोव्हेंबर
अर्वोला सांगितलं. तो रडला. म्हणाला, "काढ पोरा ते, माझं घे, घरी चल." मी नाही म्हणालो. मी निघालो की रायमो इथे जिंकला. उद्या रविवार, हेल्मी जेवण घेऊन येणार आहे. तिला बघू दे मी यात कसा दिसतो.
आज टेकडीवर तो अनवाणी माणूस अगदी जवळ उभा होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता— माझ्या डोळ्यांत असतो तोच हेवा—

१८ नोव्हेंबर
टेकडीवर. उकडतंय. टोपी काढली, हातमोजे काढले.

अर्वो खालून हाका मारतोय. रायमो म्हणत नाही आता. माझं नाव घेतोय. पहिल्यांदाच—

जाकीट काढलं. ओंडक्यावर ठेवलं. मी नाही— हातांनी आपोआप—
स्वेटरही. काय उकडतंय.

रायमोने ते चढवलं. माझ्याकडे वळूनही न बघता उतरला.

गाडीचा हॉर्न. हेल्मी आली. इथून केबिनचं दार स्पष्ट दिसतं. धावली ती. त्याच्याकडे. माझ्यासाठी अशी कधी—

हाक मारतो, आवाज फुटत नाही. पेन्सिल बोटांत राहत—

त्याच्या कॉलरवरचा बर्फ झटकतेय. हसतेय. हेल्मी, वर बघ, मी इथे, मी तुझा—