मेगावॅटचा माणूस, वॅटचं मशीन

४ मार्च

आईचं ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने नाकात सोडतं. डॉक्टर म्हणाले, दिवसरात्र चालू ठेवायचं, बंद करायचं नाही. बायकोने लगेच विचारलं, आणि वीज गेली तर?

हसूच आलं. वीज केंद्राच्या ऑफिसात उभी हयात काढलेल्या माणसाला हा प्रश्न! रोज सकाळी दोनशे दहा मेगावॅट माझ्या हाताखालून जातात. आकडा वरून येतो, मी तो रिपोर्टमध्ये टाइप करतो, हे खरं. पण मी टाइप केल्याशिवाय तो साहेबांपर्यंत पोचत नाही, हेही तितकंच खरं.

५ मार्च

जिन्यात सूचना लागली. लाइन दुरुस्तीसाठी तेरा तारखेला सकाळी दहा ते पाच वीज बंद.

बॅकअपची जबाबदारी मी घेतल्याचं जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, बरं. बायको ताटं उचलायला लागली. म्हणजे पटलं.

६ मार्च

मशीनच्या मागच्या पट्टीवर नुसतं ३५० वॅट लिहिलंय. आमच्या ऑफिसात नुसता वॅट कुणी तोंडातूनही काढत नाही. छापताना किलो राहून गेलं असणार.

संध्याकाळी दुकानात जाऊन साडेतीनशे किलोवॅटचा बॅकअप मागितला. दुकानदाराने विचारलं, थिएटर काढताय का? म्हटलं, नाही, आईच्या खोलीत ठेवायचाय. त्याने हातातलं बिलबुक मिटलं. मग म्हणाला, तेवढा जनरेटर ट्रकमधून येतो, खोली त्याच्या आत ठेवावी लागेल.

दुकानदार उर्मट आहे. पण किलोचा मुद्दा पुन्हा तपासायला हरकत नाही.

८ मार्च, दुपार

रविवार. निवांत बसून पहिल्यापासून मांडणी केली. मेगावॅटमध्ये गेल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. हत्ती तोलणाऱ्याला मुंगी तोलायला सांगितली की व्हायचंच असं.

३५० वॅट म्हणजे ०.०००३५ मेगावॅट. तिथून खाली किलोवॅटला उतरलो. शून्यं मोजत असताना बायकोने चहाला हाक मारली, पण एकाग्रता ढळू दिली नाही. ०.०३५ किलोवॅट. म्हणजे पस्तीस वॅट.

वरवर पाहणाऱ्याला साडेतीनशे दिसतात, खोलात गेलं की पस्तीसच निघतात. अभ्यास अभ्यास म्हणतात तो हाच.

बायको म्हणाली, वॅटचे वॅटच करायचे होते तर मधे मेगावॅटला कशाला जाऊन आलात? तिला पद्धत समजावून सांगितली. ती भाजी चिरत राहिली.

९ मार्च

शंभर वॅटचा इन्व्हर्टर आणला. गरजेच्या जवळजवळ तिप्पट! आपण नेहमी हातचं राखून काम करतो. आधीचाच दुकानदार होता. यावर काय चालवणार म्हणून खोदून खोदून विचारत होता. तांत्रिक बाब आहे, म्हटलं. त्याने बिल फाडलं.

वस्तू सुबक आहे. आईच्या उशाशी स्टुलावर ठेवली. आईने विचारलं, रेडिओ आणलास का रे?

११ मार्च

चाचणी यशस्वी. टेबललॅम्प लागला, मोबाइल चार्ज झाला. बायकोचं एकच पालुपद, एकदा मशीन जोडून बघा. ज्यांचा गणितावर भरवसा नसतो, त्यांना जोडून बघावं लागतं.

भाड्याने ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवू, असंही म्हणाली. स्पष्ट नकार दिला. लोक काय म्हणतील? वीज केंद्रातला माणूस, आणि घरात सिलिंडर!

१३ मार्च, सकाळी ९

रजा टाकलीय. दाढी केली. आई मशीन लावून पेपर वाचतेय. सगळं सज्ज. ऑफिसात सकाळचा रिपोर्ट आज दुसरा कोणी टाइप करतोय, याचीच तेवढी काळजी.

१३ मार्च, संध्याकाळ

दहाला वीज गेली. मशीन इन्व्हर्टरला जोडलं. टीं टीं झालं, लाल दिवा लागला, बंद पडलं. परत लावलं. परत बंद. टेबललॅम्प लावून पाहिला. तो लागला.

आईने पेपर खाली ठेवला. पलंगाच्या कडेवर हात टेकून बसली. खांदे वरखाली होऊ लागले. बोलत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ओठ काळपट दिसले. कागद काढून शून्यं मोजायला लागलो. घाईत एकेका शून्याची दोन व्हायला लागली.

बायको धावत शेजारी गेली आणि तिकडून सिलिंडर ओढत आली. तिने कालच आणून ठेवला होता. मला वाईट वाटू नये म्हणून शेजारी. तोवर मी आईचा हात धरून बसलो होतो. म्हणजे आईने माझा धरला होता.

सिलिंडर पाचपर्यंत पुरला.

एक शून्य जास्त पडलं होतं. पॉइंटच्या पुढचं, म्हणजे तसं अगदीच किरकोळ.

१४ मार्च

डॉक्टर तपासून गेले. आई ठीक आहे. बातमी कळताच ताई आली. तिला कागद दाखवून म्हटलं, बाकी सगळी रीत बरोबर आहे, चूक फक्त एका शून्याची. ताईने विचारलं, एक शून्य म्हणजे कितीचा फरक रे? म्हटलं, दहापट. ती आईचे कपडे भरायला उठली.

आईला म्हटलं, इथेच राहा, मोठा इन्व्हर्टर आणतो. या वेळी दुकानदारालाच विचारतो. आईने गालावरून हात फिरवला. म्हणाली, विश्वास आहे रे तुझ्यावर, पण श्वास ताईकडे बरा लागेल.

मशीन मीच उचलून खाली गाडीत नेऊन ठेवलं. जड आहे.

१७ मार्च

ताईकडे फोन केला. आई झोपली होती. पुन्हा केला. ताई म्हणाली, जेवतेय. तिकडे वीज कशी आहे विचारलं. आहे, म्हणाली.

मोठा इन्व्हर्टर बघून ठेवलाय. आईला सांग, म्हटलं. सांगते, म्हणाली.

२२ मार्च

दुपारी वीज गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. घरात कुणाचं काही अडलं नाही.