अव्होकाडोची रदबदली

इबागे,
२४ जून १९९१, सान हुआनचा दिवस

प्रिय नोहेमी,

तब्येत विचारल्याशिवाय पत्र सुरू करायचं नाही, असं कॉन्व्हेंटात मदर शिकवायच्या. तर कशी आहेस? बोगोताची थंडी बाळाला सोसते का? बाळ कसलं, पाच वर्षांचा झाला असेल. मी बरी आहे. फेब्रुवारीत तुझे बाबा गेल्यापासून एकदाही रडू आलेलं नाही. जेवते, झोपते.

तुझी चिठ्ठी मार्चमध्येच पोचली. एकच ओळ होती, ‘जाताना बाबा माझ्याबद्दल काही बोलले का?’ उत्तर लिहायला बसते आणि उठून झाडांना पाणी घालते. पेरू खूप लागलेत. लिंबावरची कीड साबणाच्या पाण्यानं गेली. तू नऊ वर्षांची असताना लावलेलं अव्होकाडोचं झाड मात्र यंदाही नुसतं मोहरलं आणि मोहोर गळून गेला. बाबा म्हणायचे, ‘खत घालून घालून लाडावलंस त्याला, नुसती पानं काढत बसतंय.’

म्हणून आज उजाडताना कोयता घेऊन गेले. तुला आठवत असेल, आजच्या दिवशी एकानं खोडावर कोयता आपटून धमकी द्यायची, दुसऱ्यानं धावत येऊन झाडाची रदबदली करायची. मग झाड फळ धरतं. धमकी नेहमी माझी, रदबदली बाबांची. मी तीनदा कोयता आपटला. म्हटलं, ‘फळ देत नाहीस, आज तोडतेच तुला.’ आणि थांबले. कोणी येणार नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तशीच उभी राहिले.

भिंतीपलीकडून शेजारची डोन्या ओर्तेन्सिया म्हणाली, ‘सकाळी सकाळी कुणाचा मुडदा पाडताय?’

‘झाडाचा. अडवायला कोणी नाही.’

‘मग आधी सांगायचं ना. थांबा, दात लावून येते. बोळक्या तोंडाची रदबदली झाडाला कळायची नाही.’

आली, खोडाला मिठी मारली आणि म्हणाली, ‘राहू द्या हो बाई. पोर आहे अजून.’

मी कोयता खाली ठेवला आणि घरात येऊन हे लिहायला बसले.

तुला घालवलं तेव्हा मी अशीच बोलले होते. पोटात मूल, लग्नाचा पत्ता नाही, या घरात राहायचं नाही. बाबा गप्प बसले, असं तू सहा वर्षं धरून चाललीस. मी तसं चालू दिलं. तू आत कपडे भरत होतीस, तेव्हा ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, ‘ग्रासिएला, राहू दे तिला. पोर आहे अजून.’ मी म्हटलं, ‘ती तरी जाईल, नाहीतर मी.’ मग ते परसात जाऊन उभे राहिले. तुला त्यांची फक्त पाठ दिसली.

शेवटच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, ‘तिला सांग, मी बोललो होतो.’ मी हो म्हटलं. त्याला चार महिने झाले.

इतकी वर्षं झाडं लावून मला कळलं ते एवढंच. कोयता उगारणाऱ्याला कोणीतरी अडवावं असं वाटत असतं. मला अडवलं होतं. मी ऐकलं नाही.

बाबांच्या कबरीवर यायचं असेल तर ये. मी समोर नको असेन तर तसं कळव, त्या दिवशी मी मावशीकडे जाऊन राहीन.

तुला जा म्हणाली ती,
आई