गोधड्या धुतल्या, पण कुणी गेलं नव्हतं

आत्याबाई, तुम्ही होता तोवर तुमच्यासमोर मी कधी पाय पसरून बसले नाही, आणि आज सोफ्यावर मांडी घालून तुम्हालाच लिहायला बसलेय. तिसरी शिकलेली बाई मी, जोडाक्षर आलं की पेन अडतं. विषय घाण आहे, ते आधीच सांगते. जंतांचा आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सासूला लिव्हायला ह्योच इषय घावला का गं तुला?" व्हय, ह्योच घावला. दुसऱ्या कुणाशी बोलता येईल असा तो नाही, आणि तुमच्याशी तर मी तेव्हाही धड बोलले नव्हते.

दुष्काळ पडायच्या आधलं वरीस होतं ते. थंडी पडली होती, आपलं गुऱ्हाळ लागलेलं, साऱ्या वस्तीवर गोड वास आणि माश्या. धाकटा पोरगा माझ्या अंगावर पीत होता, म्हणून थोरली पोरगी तुमच्या गोधडीत निजायची. चार वर्षांची असंल. तुमच्या पोटात पाय खुपसल्याबिगर तिला झोप यायची नाही. तर ती एका सकाळी घरामागं उकिरड्याजवळ बसली होती आणि मी पाणी घेऊन उभी होते. खाली बघितलं तर पांढरं काहीतरी. आदल्या दिवशी शेवयाची खीर झाली होती, मला वाटलं शेवया तशाच पडल्यात. मग त्या शेवया हलायला लागल्या. वळवळ वळवळ, एकात एक. सुताचे तुकडे जिवंत झाल्यावाणी. मी तिथंच ओकले. तेवढ्यात कोंबडी आली आणि टकाटका टिपायला लागली. सांगताना अजून घशाशी येतं. त्या कोंबडीची अंडी मी पुढं महिनाभर तोंडात घातली नाहीत, तुमच्या लेकाला घातली. त्यांना माहीत नव्हतं, आणि अंडं त्यांना आवडायचं. शेवया मात्र मी त्यानंतर कितीतरी सणांना नुसत्या ताटात चिवडल्या.

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "हे आमच्या घरातलं न्हाई. तुझ्या म्हायेरचं हाय. दिवाळीला गेल्ती ना पोर, तिथनं आनलंय." माझं माहेर शिंगणापूरच्या बाजूचं, कोरडवाहू. तुम्हा बागायतवाल्यांना तिकडची चटणीसुद्धा मळकी वाटायची. तुम्ही औषध सुरू केलं. आधी गूळ चारायचा, म्हणजे जंत गोडाला गोळा होतात, आणि मग वावडिंगाचा काढा पाजायचा, म्हणजे गोळा झालेले एकदम पडतात. पोरगी गूळ हसत खायची आणि काढा तुमच्या लुगड्यावर थुंकायची. जंत पडायचे थोडे. मग परत यायचे. तिला बसू देईनात, बसली की सरकायची, सरकली की खाजवायची. रात्रभर चुळबुळ. डोळ्यांखाली काळं आलं, पोट पुढं आलं, भाकरीचा तुकडा हातात घेऊन ती नुसती बसून राहायची. दोन्ही हातांच्या नखांत घाण. मी ती नखं धरून बघायची आणि माझ्याच पोटच्या पोरीचा मला किळस यायचा. आईला लेकराचा किळस येतो, हे कुणी कधी सांगत नाही.

आणि मग मी तुम्हाला बघायला लागले. तुम्ही जात्याजवळ बसून मिश्री लावायचा, ते बोट तोंडात, गप्पा मारता मारता तोच हात मागं लुगड्यात जायचा, कराकरा खाजवायचा, परत मिश्रीच्या डबीत यायचा. मग त्याच हातानं तुम्ही परातीत भाकरी कुस्करायचा, दूध घालायचा आणि पोरीला घास भरवायचा. पोरगी चिमणीसारखी आ करायची. मला दारात उभं राहून ते बघवायचं नाही, आणि बोलायची सोय नव्हती. एकदा धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला पण खाजतंय का?"

"घामोळं हाय," म्हणालात.

पौषातलं घामोळं. शेकोटीला बसला होता तुम्ही.

तुमचं कारण मला ठाऊक होतं, नाही असं नाही. तुमच्या थोरल्या जाऊबाई बांधावरून तुमच्याशी भांडल्या होत्या, तेव्हा तळतळून म्हणाल्या होत्या, तुझ्या जित्या अंगात किडं पडत्याल. पुढं त्या वारल्या, तो शब्द परत घ्यायलाही उरल्या नाहीत. मेलेलीचा शब्द खोडता येत नाही, असं तुम्हीच एकदा मटकी निवडताना बोलला होता. म्हणजे पोरीच्या पोटातले जंत ते जंत, आणि तुमच्या पोटातले म्हणजे जाऊबाईंचं खरं झालं. म्हणून घामोळं.

शेवटी तुमच्या लेकानं पोरीला आणि मला कोल्हारच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं लाल औषधाची बाटली दिली. म्हणाला, घरातल्या झाडून सगळ्यांनी एकाच दिवशी घ्या, पंधरा दिवसांनी परत घ्या, अंथरूण-पांघरूण उकळून धुवा, नखं कापा. एक माणूस जरी राहिलं तरी त्याच्याकडून सगळ्यांना परत होईल. आणि परसाकडं लालभडक होईल, घाबरू नका, ते औषध आहे, रक्त नाही. घरी येऊन ह्यांनी बाटली काढली मात्र, तुम्ही उठलात. "मला न्हाई किडं. किडं मढ्याला लागत्यात," म्हणालात आणि तरातरा गुऱ्हाळाकडं गेलात. पुढचं लाल होण्याचं बोलणं झालं ते तुमच्या माघारी. आम्ही सगळ्यांनी घेतलं. बाळाला डॉक्टरनं सांगितलं तसं थेंबभर. तुमच्या वाट्याचं मी बाटलीत ठेवलं आणि बाटली देवळीत, दिव्याच्या मागं.

गोधड्यांवरून तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं. आपल्याकडं गोधड्या निघायच्या त्या घट बसायच्या आधी, वर्षातून एकदा, नदीवर. अधेमधे साऱ्या घराचं अंथरूण धुवायला निघालं म्हणजे घरात माणूस गेलं. आणि उकळायच्या कशात? तेवढं भांडं कुठलं? मी ह्यांना म्हटलं, गुऱ्हाळाची जुनी काहील आहे, तळाला ठिगळ मारलेली, ती द्या. तुम्ही म्हणालात, "गुळाच्या काईलीत हगीमुतीच्या गोधड्या? उद्या त्यातला गूळ देवाला दावशील का तू?" मी म्हटलं त्या काहिलीत आता गूळ होत नाही. तुम्ही म्हणालात, "मग मी मेल्याव धू. तवा काय धुयाचं ते धू." तरी मी धुतल्या. सोडा टाकून उकळल्या. वर जे तरंगलं, ते मी लिहीत नाही. तो वास गुळाच्या वासात मिसळला आणि गुऱ्हाळावरचे गडी नाकाला फडकी बांधून माझ्याकडं बघत राहिले. बांधावर सगळ्या गोधड्या वाळत घातल्या, आणि दुपारी पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी पदर डोळ्याला लावतच आली. "कवा गेली गं? काल तर चांगली बोलली माझ्याशी." आणि तुम्ही आतून बाहेर आलात. ती म्हातारी जी किंचाळली. तुम्ही तिला म्हणालात, "बस, आलीच हायेस तर च्या पिऊन जा. सुनंला घाई झालीया माझी." आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि मी आतल्या घरात तोंडात पदर कोंबून हसत होते.

दुसऱ्यांदा औषध घेतलं. परत तुम्ही नाही घेतलं. थोडे दिवस बरे गेले आणि एका सकाळी पोरगी परत उकिरड्याजवळ बसली, मी वाकून बघितलं आणि होतं तिथंच होतं. पांढरं, वळवळतं. तेव्हा मला किळस आला नाही, राग आला. मी तशीच आत आले. तुम्ही परातीत भाकरी कुस्करत होता. मी परातीपुढून पोरीला उचललं. म्हटलं, "आत्याबाई, आजपासनं पोरगी माझ्याजवळ निजंल. आन् माझ्या हातानं जेवंल."

लग्न होऊन आल्यापासून तुमच्यासमोर मी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य. मला वाटलं आता परात अंगावर येते. कुस्करलेली भाकरी होती ती तुम्ही कुत्र्याला घातलीत. पोरगी मोठी आई, मोठी आई करून रडली, रडून रडून निजली. मी डोळे मिटून पडले होते, पण तुम्ही गोधडीतल्या तिच्या जागेवर हात ठेवून पडला होता, ते मला दिसत होतं. मी हलले नाही. लेकराच्या पुढं सासू काय आणि कोण काय.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दिवसाउजेडीच तुम्ही पोट धरून टमरेल घेऊन शेतात गेलात, आणि आलात त्या भिंतीला धरून. तोंड पांढरं फटक. टमरेल कुठं टाकलंत ते अजून सापडलं नाही. अंगणात घोंगडीवर पडलात आणि लेकाला हाक मारली. "कोपरगावास्नं तुझ्या भनीला घिऊन ये. माझं सारं रगातच चाललंय. जाऊ म्हनली ते झालं बाबा. आतून खाल्लं मला किड्यांनी." गाडी जुंपायची का टेम्पो बघायचा, ह्यांना काही सुचेना. गुऱ्हाळावरचे गडी येऊन उभे राहिले. पोरगी तुमच्या पायाशी बसून भोकाड पसरून रडायला लागली.

मी वाकून पाणी पाजायला गेले. तुमचे मिश्रीनं काळे पडलेले दात, ते लाल होते. जीभ लाल. पदराच्या कडेला पुसलेलं लाल बोट. मला बाटली बघायचीसुद्धा गरज पडली नाही. चोरून घेतलं होतं तुम्ही. त्या बाटलीला तुम्ही भीत होता, जाऊबाईंना भीत होता, तरी घेतलं. पोरगी परत गोधडीत यावी म्हणून.

आत्याबाई, मला असं हसू आलं होतं. आणि किती रागवायचं राहिलं होतं माझं. घामोळं, माहेर, सगळं. सगळ्यांच्या देखत एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी म्हटलं, "काय न्हाई हो झालं. राती तांबड्या माठाची भाजी खाल्ली ना, तिचा रंग उतरलाय. मला बी तसंच झालंय." माठ गावात कुणाच्या रानात नव्हता त्या दिवसांत. गड्यांना काय कळतंय, ते गेले. मग तुमच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, औषधानं सगळ्यांनाच लाल होतं, डॉक्टर बोलला होता, आणि आता किडं मेलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग लेकाला म्हणालात, "जुपू नगं रं गाडी. माठ बाधला मला."

त्यानंतर ह्यांनी नवी बाटली आणली आणि आपण सगळ्यांनी एकदम घेतलं. तुम्ही आपणहून झाकण पुढं केलं. गोधड्या परत काहिलीत गेल्या, आणि ह्या वेळी खालचा जाळ तुम्ही लावलात. ब्लेडनं नखं काढून घेतलीत, पार जिव्हाळीपर्यंत, बोटं सोलल्यासारखी दिसत होती. पोरगी तुमच्या पोटात पाय खुपसून झोपायला लागली ती तुम्ही जाईपर्यंत. जंत काही परत दिसले नाहीत. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही, पण त्यानंतर माझ्या माहेरची चटणी तुम्ही मागून खायचा.

आता हे सगळं उकरून का काढलं, तर परवा नातवाच्या बायकोनं मला खोलीत बोलावून दार लावलं. तिची चार वर्षांची पोर, तेच दुखणं. बिचारी रडत होती. एवढं फिनेल टाकते, एवढी मशीन लावते, आणि आमच्या घरात हे असलं, म्हणाली. मला शेवया आठवल्या, पण तोंडावर हसूच आलं. तिला म्हटलं, अगं रडतीस काय, गोळ्या आण सगळ्यांना, मलाही आण, आणि ये, बस, तुला एक गंमत सांगते. सांगितली. गुऱ्हाळ, काहील, म्हातारीचं किंचाळणं, लाल दात, सगळं. ती हसून हसून पलंगावर लोळली. तिनं नवऱ्याला सांगितलं, त्यानं फोनवर आत्याला, म्हणजे तुमच्या त्या गोधडीतल्या पोरीला. ती म्हणाली, मला काहीच कसं आठवत नाही. आता कुणी घरात आलं की आधी मलाच म्हणतात, आजी, ती लालची गोष्ट सांगा. आणि मी परत पहिल्यापासून सांगते, घोंगडीवर कशी पडले, गाडी जुंपा म्हणून कशी ओरडले.

व्हय, पडले आणि ओरडले. चोरून औषध घेऊन घाबरलेली ती बाई मी माझ्या नावावर घेतलीय. जाऊबाईंचा शब्दसुद्धा माझ्याच अंगावर घेतलाय. पहिल्यांदा सांगताना तुमची लाज राखायची म्हणूनच केलं, देवाशप्पथ. हा कागद मी उद्या सकाळी बारीक फाडून कचऱ्यात घालीन, कुणाच्या हाती लागता कामा नये. पण आता ते तुमच्या लाजेपुरतं उरलं नाही, आत्याबाई. पोरं माझ्याभोवती बसून इतकी हसतात, की ती गोष्ट तुम्हाला परत द्यायचं मनात येत नाही.