गप्प बसण्याचा तास

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? उत्तर सावकाश दे, मी थांबायला शिकतो आहे. (पण याच आठवड्यात दे.)

कॉलेजनं यंदा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला नवा विषय लावला आहे: वेगळ्या मुलखाच्या, वेगळ्या रीतीच्या पक्षकाराशी कसं वागावं. आणि शिकवायला कोण, तर मी! लहानपणी तुझं एक वाक्य पुरं होऊ न देणारा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मी पहिल्याच तासाला नियम घातला की पक्षकार बोलेपर्यंत वकिलानं तोंड उघडायचं नाही. मुलांनी तो वहीत दोनदा अधोरेखित केला.

मग आमच्या मोफत सल्ला केंद्रात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. दूरच्या मुलखातल्या, पण आपली भाषा येणाऱ्या. हातात पिशवी आणि पिशवीत खोली खाली करण्याची नोटीस. आठ दिवसांत उत्तर गेलं नाही तर मशीनसकट रस्त्यावर. बाई बसल्या. आम्हीही बसलो. त्या बोलेनात, आम्ही बोलेना. मी पेनाचं टोपण इतक्यांदा उघडलं-मिटलं की ते तुटलं. (मुलांना वाटलं, काय हा संयम!) चाळीस मिनिटांनी पहिल्या बाकावरच्या उंच मुलीनं माझा नियम मोडला. म्हणाली, माझ्या आईनं कालही औषध घेतलं नाही, उलट रुसून बसली. बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांच्याकडे म्हणे, समोरच्यानं आपल्या घरचं काही सांगितल्याशिवाय त्याच्यापुढे आपलं दुखणं काढत नाहीत. आमचं तोंड कधी उघडतंय, याचीच त्या बिचाऱ्या वाट बघत होत्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि सरांच्या घरी?"

मी म्हटलं, सगळं उत्तम. बाईंनी नोटीस घडी घालून पिशवीत परत ठेवली. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"मुलगी दोन महिने माझ्याशी बोलत नाही," मी म्हणालो.

नोटीस टेबलावर आली. दहा मिनिटांत सगळी हकिगत कळली आणि उत्तर मुदतीत गेलं. निघताना बाईंनी विचारलं, मी मुलीला असं काय बोललो होतो. मी सांगितलं की तासाची वेळ संपली.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मुलीला मी काहीच बोललो नव्हतो. तिनं पसंत केलेल्या मुलाचे वडील घरी आले होते, ते बाईंच्याच मुलखातले. आले, बसले, गप्प राहिले. मी ते गप्प राहणं म्हणजे काहीतरी लपवल्याची कबुली धरली आणि मुलीदेखत पाऊण तास त्यांची उलटतपासणी घेतली.

ता. क. २ रविवारी ते पुन्हा येणार आहेत. तू ये. ते बसले की मी सांगणार आहे, मुलगी बोलत नाही तर घर खायला उठतं. तेवढं सांगून झालं की मला चिमटा काढ, नाहीतर मी प्रश्न सुरू करीन.

ता. क. ३ मुलगी स्वतः येणार का, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तू विचारून कळव. आणि तिनं लगेच उत्तर दिलं नाही तर घाई करू नकोस. मी थांबेन.