दुसरी पिढी बंद करताना

३ मार्च, सोमवार

झालं नक्की. जुनं नेटवर्क, म्हणजे मोबाइलची दुसरी पिढी, पुढच्या आठवड्यात बंद. आमच्या विभागातले टॉवर एकेक करून मीच बंद करायचे. साहेब म्हणाले, "तुम्ही शांत असता, हे तुम्हालाच जमेल." शांत! आई गेल्यापासून मला काही वाटतच नाही, त्याला ऑफिसात शांत म्हणतात.

यादीत बाबांच्या घरामागचा टॉवरही आहे.

संध्याकाळी सातला बाबांचा मिस्ड कॉल. एक रिंग, कट. म्हणजे ते ठीक आहेत. मी उचलायचा नाही, हे ठरलेलं. आमच्यात आता एवढंच उरलंय.

५ मार्च, बुधवार

तक्रारींचे फोन घेणाऱ्या बायकांना आज पिढ्या समजावल्या. पहिलीत आवाज जसाच्या तसा हवेतून जायचा, मधे कुणीही कान लावावा. दुसरीने आवाजाचे आकडे केले आणि मेसेज आणले. तिसरीने इंटरनेट आणलं, रांगत का होईना. चौथीत आवाजसुद्धा इंटरनेटसारखाच तुकड्यातुकड्यांनी जातो. पाचवीबद्दल जाहिरातवाल्यांना विचारा, म्हटलं. हसल्या.

एकीने विचारलं, "पण मॅडम, जुन्यात आवाज डब्यातून आल्यासारखा का यायचा?" सांगितलं — जागा वाचवायला आवाजाच्या वरच्या-खालच्या कडा छाटतात. स, श, फ जवळपास सारखेच ऐकू येतात, बाकी आपणच अंदाजाने भरून घेतो. चौथीत तेवढी छाटाछाट नाही. शिवाय कॉल चटकन लागतो. जुन्यात नंबर लावल्यावर रिंग जायलाच किती वेळ!

छान समजावलं म्हणे. घरी येऊन कुकर लावला आणि गॅस पेटवायला विसरले.

९ मार्च, रविवार

बाबांकडे गेले. नवा फोन नेला — चौथ्या पिढीचा, पण बटणांचा, त्यांना हवा तसा. त्यांचं सिम काढून त्यात घातलं. सगळं समजावलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जेवून जा."

निघताना बघते तर सिम परत जुन्या फोनमध्ये! "बाबा, मंगळवारी हा बंद पडणार. मीच बंद करणार आहे." "हो हो," म्हणाले, आणि पेपर उघडला.

आई होती तेव्हा फोनवर तीच बोलायची आणि माझा निरोप बाबांना ओरडून सांगायची. ती गेल्यावर मी त्यांना दोन-तीनदा फोन केला. मी म्हटलं, ताप आलाय. ते म्हणाले, "बरं झालं." मग म्हणाले, फोन नको करत जाऊस, मीच रोज मिस्ड कॉल देईन. आईच्या शेवटच्या दिवशी मी उशिरा पोचले, त्याचा राग असणार. असू दे. वाईट वाटायला हवं, एवढं कळतं.

११ मार्च, मंगळवार

बाबांच्या घरामागचा टॉवर बंद केला. एक ओळ टाइप केली, एन्टर दाबलं. स्क्रीनवरचा हिरवा ठिपका करडा झाला. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "चला, एक युग संपलं!" आणि चहा आणायला गेला.

सात वाजले. काही नाही.

१२ मार्च, बुधवार

आजही नाही.

१३ मार्च, गुरुवार

सात वाजून गेले तरी काही नाही, म्हणून बाबांच्या शेजारच्या काकूंना फोन केला. "अगं, ठणठणीत आहेत! नवा फोन उलटसुलट करत बसलेत. मी हाक मारली तर वळूनसुद्धा बघितलं नाही, आपल्याच तंद्रीत."

ठणठणीत आहेत. म्हणजे मिस्ड कॉल द्यायचाच नाहीये. तेही संपलं. कितीतरी महिन्यांनी आज वाईट वाटलं. भाजी चिरता चिरता खालीच बसले.

१४ मार्च, शुक्रवार

सातला फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा — कापतच नाहीत! पडले की काय? ठरलेलं गेलं खड्ड्यात, उचलला. "बाबा! काय झालं?"

"अगं... तू उचललास कसा? नंबर लावला की मी दहा मोजून कापतो रोज. अजून दहा झालेसुद्धा नव्हते."

"मोजता कशाला? रिंग गेलेली ऐकू येते ना!"

"नाही ना येत," म्हणाले. "बरीच वर्षं झाली. तुझी आई सांभाळून घ्यायची. ती गेल्यावर फोनवर तुझा नुसता गुणगुणाट यायचा. काहीतरीच उत्तरं द्यायचो मी. तुला कसं सांगायचं, म्हणून... पण आत्ता, या नव्या फोनात, येतंय गं! तुझं ऐकू येतंय. बोल ना. काहीही बोल."

मला रडू फुटलं. तेही त्यांना ऐकू गेलं.