सर अंघोळीला गेलेत

२ फेब्रुवारी

बक्षीस लागलं. परदेश प्रवास, दोघांना, राहणं-खाणं सगळं चहाच्या कंपनीकडून. पाकिटामागे कूपन होतं : आमचा चहा तुम्हाला का आवडतो, एका वाक्यात लिहा. मी लिहिलं होतं : बायकोच्या हातचा असूनही चांगला लागतो.

वाक्य ह्यांचं. लग्न झाल्यापासून ऐकत आले. म्हणून कूपनवर नावही ह्यांचंच टाकलं. ह्यांना जाऊन नोव्हेंबरात तीन वर्षं झाली, पण ज्याचं वाक्य त्याचं नाव. यात फसवणूक कुठे आली?

कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, सरांना जरा फोन देता का? मी म्हटलं, अंघोळीला गेलेत.

ही चूक माझी नाही. माझ्या मुलीनेच शिकवलंय, आई, एकटी राहतेस असं फोनवर कुणाला सांगायचं नाही. तेव्हापासून विमेवाले, फिल्टरवाले, सगळ्यांसाठी हे अंघोळीलाच गेलेले असतात.

उद्या खरं सांगून टाकायचं. दोन मिनिटांचं काम.

३ फेब्रुवारी

सांगितलं नाही. तिने संधीच दिली नाही. तीन शहरांपैकी एक निवडा म्हणाली, आणि तिसरं नाव सुतळीच्या शहराचं निघालं. मग मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. ते घ्या, एवढंच म्हटलं.

सुतळी म्हणजे हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती. अंगाने सुतळी, तोंडाने सुतळी बॉम्ब. चादर मधे विरली की उभी फाडायची, धड राहिलेल्या कडा मधे घेऊन शिवायची, की पुन्हा पेशंटच्या अंगाखाली. अशा किती चादरी आम्ही दोघींनी जगवल्या. नंतर ती मुलाकडे परदेशी गेली. हे गेले तेव्हा तिला येता आलं नाही. फोनवर ती रडली, मी ऐकलं. माझं रडायचं राहूनच गेलं. ती समोर असती तर जमलं असतं, असं वाटत राहतं.

तर जायचं. नक्की.

९ फेब्रुवारी

सुतळीला कळवलं. इतकी ओरडली की फोन कानापासून लांब धरला. मुलाच्या घरातली मागची खोली रिकामी करायला घेतली आहे म्हणे. माझ्यासाठी सपाताही आणून ठेवल्या. ती म्हणाली, आता माझे गुडघे विमानात बसायचे नाहीत, तूच ये, मग आपण दोघी बसून सगळ्यांना नावं ठेवू.

संकल्प : रोज सकाळी चालायचं. गोड बंद. तिकडची भाषा शिकायची.

भाषेचं पुस्तक मिळालं. पेशंट जी पुस्तकं विसरून जातात ती लिनन रूमच्या फळीवर येतात. माझं सगळं वाचन त्या फळीवरचं. शाळा चौथीत सुटली. शेवट नसलेल्या कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या, कारण लोक बरे झाले की मधेच घरी जातात. हे पुस्तक मात्र पूर्ण आहे. जरा जुनं. पहिलं वाक्य पाठ केलं : हमाल, माझी ट्रंक कुठे आहे?

१२ फेब्रुवारी

चालायला गेले नाही. पाय दुखत होता. चालायला लागल्यावर दुखायचा थांबेल, पण त्यासाठी आधी दुखायचा थांबायला हवा.

बक्षीसवालीचा फोन. सर आहेत का? म्हटलं, आत्ताच डोळा लागला. ती म्हणाली, ऑफिसात सगळे सरांच्या वाक्यावर इतके हसलो, सर घरी पण असेच गमत्ये आहेत का? म्हटलं, बाई, दोन दिवस त्यांना तुमच्याकडे धाडते, मग कळेल. तीन चमचे साखर घेतात, डॉक्टरने बंद केली तरी डब्यात बोट घालतात, आणि मी बोलले की म्हणतात, साखर मोजतेस, मी काय लिफ्टमधला पॅसेंजर आहे का.

हे हॉस्पिटलात लिफ्टमन होते. जन्मभर वर-खाली केलं, पुढे कुठे गेलेच नाहीत.

फोन ठेवला तरी साखरेवरून चिडलेलीच होते. खूप दिवसांनी भूक लागली.

खरं सोमवारी सांगायचं. ऑफिसच्या गोष्टी ऑफिसच्या दिवशी.

१७ फेब्रुवारी

सोमवारी फोन केला. सरांना सर्दी झाली आहे, असं तोंडातून गेलं. ती म्हणाली, अरेरे, सरांना वाफ द्या. दिली म्हटलं. घेत नाहीत, नुसता कांगावा करतात.

आता पासपोर्ट हवेत. दोन. माझा अर्ज भरला. फोटोवाला म्हणाला, आजी, हसायचं नाही. मी हसतच नव्हते. फोटोत मी कुणाच्या तरी घरात शिरताना पकडल्यासारखी आले आहे.

ह्यांच्या पासपोर्टचं बघते म्हणून सांगितलं आहे. बघायला काय जातं.

२१ फेब्रुवारी

मुलगी आली होती. तिला सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला. आई, तू बाबांना सर्दी झाली म्हणून सांगितलंस? म्हटलं, थोडीशीच. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि सांग. म्हटलं, अगं, आज शनिवार. ती म्हणाली, आई, तुला परदेशात जायचंय की बाबांबद्दल कुणी विचारलेलं हवंय?

काही बाबतीत ती अगदी वडिलांवर गेली आहे. नको तेव्हा नको ते बरोबर बोलायचं.

लावते म्हटलं. तिला रिक्षात बसवून आले आणि लावला नाही. रागाच्या भरात फोन करू नये.

भाषेचा अभ्यास : घोडागाडी किती वाजता सुटते?

२६ फेब्रुवारी

बक्षीसवालीला आज सरांचा आवाज हवाच होता. साहेबांनी सांगितलंय म्हणाली.

आमच्या लिनन रूममधल्या इस्त्रीवाल्याला म्हटलं, दोन वाक्यं बोल, हो आणि बरं, एवढंच. तो नाटकात काम केलेला माणूस. फोन घेतला तो सोडेचना. थँक्यू मॅडम काय, आपली कृपा काय, आमची मिसेस फार गुणी आहे काय! ती भलतीच खूश झाली.

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. म्हटलं, ह्यांनी जन्मात कुणाला थँक्यू म्हटलं नाही. आणि मिसेस कोण? हे मला 'ऐकलंस का' म्हणायचे. तो म्हणाला, ताई, तुम्हीच सांगितलंत बोलायला. म्हटलं, बोलायला सांगितलं होतं, चांगलं बोलायला नाही.

बिचाऱ्याचा काय दोष. दिवसभर एक चादर नीट शिवता आली नाही. दोनदा उसवली.

२ मार्च

कंपनीचे लोक शनिवारी घरी येणार. वर्तमानपत्रात फोटो द्यायचाय : सर आणि मॅडम, हातात चहाचे कप.

काळजीचं कारण नाही. अजून बरेच दिवस आहेत.

५ मार्च

सुतळीचा फोन. तिने शेजारणींनाही सांगून ठेवलं आहे. तिथे गेल्या वर्षी न फुटलेलं कुठलंसं झाड या वर्षी फुटलंय, ते मी आल्यावर दाखवणार. येताना तिची कात्री आणायची. जाताना लिनन रूमच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. मी इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. तिकडच्या कात्र्यांना धारच नाही म्हणते, नुसतं कापड चावतात.

कात्री तेल लावून पिशवीत ठेवली. बाकी सामान अजून काही नाही. म्हणजे सुरुवात झाली.

ती फोन ठेवताना म्हणाली, बरोबर कोण येतंय? दोघांचं आहे ना? म्हटलं, ठरायचंय.

७ मार्च, सकाळ

ठरलं. ते दारात आले की दारातच सांगायचं. वाक्य तयार आहे. पाच शब्दांचं. आरशासमोर म्हणून पाहिलं, जमतं.

७ मार्च, दुपार

बक्षीसवाली फोनवरून वाटते त्याहून लहान आहे. माझ्या मुलीपेक्षाही. बरोबर फोटोग्राफर, तीन पायांचा स्टँड, एवढा मोठा पुष्पगुच्छ. दारात गर्दी झाली, म्हणून दारात सांगायचं राहिलं.

चहा ठेवला. दोन कप काढले, आपल्या नेहमीच्या जागी ठेवले. फोटोग्राफरने दिवा लावला. ती म्हणाली, सर? मी म्हटलं, अंघोळीला गेलेत.

बसलो. तिने पडद्यांचं कौतुक केलं. मी तिच्या केसांचं. फोटोग्राफरने घड्याळ पाहिलं. शेवटी ती हळूच म्हणाली, मॅडम, सरांना वेळ लागतोय, जरा बघून येता का?

उठले. मोरीचं दार ढकललं. आत उभी राहिले. बादली उपडी, फरशी सकाळीच वाळलेली, खुंटीवर एकच टॉवेल. तिथे बराच वेळ उभी होते. रडले नाही, पण नाक वाहायला लागलं, ते पदराला पुसलं.

बाहेर येऊन म्हटलं, ते नाहीत. तीन वर्षं झाली.

फोटोग्राफरने दिवा बंद केला.  ती म्हणाली, मॅडम, मग ती सर्दी?

म्हटलं, ती माझीच होती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मी तर ऑफिसात सांगितलं होतं, सरांची सर्दी बरी झाली म्हणून. मग समोरचा कप उचलून तिने चहा प्यायला. पार गार झाला होता. चांगला आहे, म्हणाली. दुसरा कप फोटोग्राफरने घेतला.

नियम असा की विजेता स्वतः हजर हवा, नावात बदल नाही. बक्षीस दुसऱ्या नंबरला जाणार. त्याचं वाक्य विचारलं. 'ताजगीचा खजिना.' म्हणजे बघा.

जाताना पुष्पगुच्छ ठेवून गेली. मग मात्र मी दार लावलं आणि जे तीन वर्षं राहिलं होतं ते केलं. सुतळी समोर नसतानाही जमलं. त्याबद्दल इथे अधिक लिहायचं नाही.

१४ मार्च

सुतळीला सांगायला आठवडा घेतला. घाई करून माणसाचं मन मोडू नये.

 ती म्हणाली, अगं गाढवे, स्वतःचं नाव टाकायला काय हात मोडला होता? म्हटलं, वाक्य ह्यांचं होतं. ती म्हणाली, अगं पण हात तुझा होता, चहा तुझा होता, तीस वर्षं टोमणे खाल्लेस ते तू! मग हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला. खोली आता काय करू, म्हणाली. म्हटलं, राहू दे तशीच. सपाता घालायला काढ, नाहीतर कडक होतील.

२० मार्च

कंपनीकडून खोकं आलं. उत्तेजनार्थ. चहाची चोवीस पाकिटं. बक्षीसवालीची चिठ्ठी : मॅडम, तब्येतीला जपा, वाफ घ्या.

प्रत्येक पाकिटामागे नवीन कूपन.

सुतळीला कळवलं तर म्हणाली, सगळ्यांवर माझं नाव टाक, पत्ता तुझा. बक्षीस घ्यायला विजेता स्वतः हजर हवा ना? मग येईन झक मारत, गुडघ्यांसकट.

योजना उत्तम आहे. कात्री पिशवीतून काढून परत ड्रॉवरमध्ये ठेवली. तिची तिनेच येऊन घ्यावी. चालणं सोमवारपासून.

बसून कूपनं भरली. सुतळी, सुतळी, सुतळी. खरं नाव अर्थात. शेवटच्या एकावर माझं नाव लिहून पाहिलं. अक्षर चांगलं आलं, पण बक्षीस लागेल असं काही वाटेना. खोडून ह्यांचं टाकलं. ह्यांचं नाव लागतं, हे आता सिद्धच झालंय.

वाक्य अजून व्हायचंय. चहाबद्दल हे आणखी काय काय म्हणायचे, ते आठवत बसले आहे.